मीठ, साबण आणि द्रव : तिन्ही एकाच बाटलीत

आमच्या प्रयोगशाळेत एका विद्यार्थिनीने एक द्रव तयार केला होता. फिकट पिवळसर आणि मधासारखा दाट. त्यातील पाण्याचा अंश जावा म्हणून तिने तो दोन दिवस निर्वात पंपाला जोडून ठेवला होता. द्रव बाटलीत भरल्यावर चंबूच्या तळाशी थोडासा चिकटून राहिला. चंबू विसळण्यासाठी तिने त्यात थोडे पाणी घातले, हलवले आणि बेसिनमध्ये ओतण्यासाठी चंबू उपडा केला. काहीच पडले नाही! आत एक पारदर्शक जेली तयार झाली होती आणि ती तळाला घट्ट धरून बसली होती.

आपला रोजचा अनुभव याच्या अगदी उलट आहे. मधात पाणी घातले की मध पातळ होतो. आमटी आळली की आपण वाटीभर पाणी वाढवतो. येथे मात्र वाहणाऱ्या द्रवात वाहणारे पाणी मिसळले आणि न वाहणारा पदार्थ मिळाला. त्यात कोणतीही रासायनिक अभिक्रिया झालेली नव्हती, कारण पाणी पुन्हा काढून टाकले की मूळचा द्रव जसाच्या तसा परत मिळतो. मग झाले तरी काय?

त्या द्रवाचे नाव लांबलचक आहे : १-डेसिल-३-मिथिलइमिडाझोलियम ब्रोमाइड. पण नावाला घाबरण्याचे कारण नाही. आयनांनी बनलेला म्हणून तो क्षार आहे, म्हणजे आपल्या मिठाचा भाऊबंद. रेणूच्या घडणीने तो साबणाचा नातेवाईक आहे. आणि खोलीच्या तापमानाला तो वाहतो. मीठ, साबण आणि द्रव ही तीन नाती एकाच पदार्थात एकत्र आली म्हणजे काय घडते, ते या लेखात आपण पाहणार आहोत.

मीठ द्रवरूप कसे होते?

मीठ पाण्यात विरघळते हे सर्वांना ठाऊक आहे, पण विरघळणे आणि वितळणे यांत फरक आहे. कोरडे मीठ वितळवायचे तर ते ८०१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागते. त्याचे कारण पाठ्यपुस्तकात असते. सोडियम आणि क्लोराइड हे लहान, गोल आयन आहेत. प्रत्येक आयनाभोवती विरुद्ध प्रभाराचे सहा आयन नेटकेपणाने बसतात आणि एकमेकांना घट्ट धरून ठेवतात.

आता हे आयन मोठे आणि बेढब केले तर? बाजारात फळवाला संत्र्यांची सुरेख रास रचतो. देठांसकट वांग्यांची तशी रास रचता येईल का? येणार नाही. मोठे, असममित आयन स्फटिकात नीट बसत नाहीत. शिवाय त्यांचा प्रभार एका जागी न राहता अनेक अणूंवर पसरलेला असतो आणि विरुद्ध प्रभारांमधील अंतरही वाढलेले असते. त्यामुळे आकर्षण सौम्य होते आणि द्रवणांक खाली येतो.

१९१४ साली पॉल वाल्डेन या रसायनशास्त्रज्ञाने इथिलअमोनियम नायट्रेट या क्षाराचा द्रवणांक सुमारे १२ अंश सेल्सिअस असल्याचे नोंदवले. म्हणजे आपल्याकडील कोणत्याही सामान्य दिवशी हा क्षार द्रवरूपच असणार. पुढे कित्येक दशके या नोंदीकडे फारसे कोणी पाहिले नाही. १९९२ मध्ये विल्क्स आणि झावोरोत्को या अमेरिकेतील संशोधकांनी इमिडाझोलियम गटाचे असे क्षार बनवले, की जे हवेत आणि ओलाव्यातही टिकत. त्याआधीचे बहुतेक द्रवरूप क्षार पाण्याची वाफ लागली की बिघडत. ती अडचण दूर झाल्यावर या विषयात काम करणाऱ्यांची रीघ लागली. या पदार्थांना आयनिक द्रव म्हणतात. १०० अंशांच्या खाली वितळणारा क्षार तो आयनिक द्रव, अशी रूढ व्याख्या आहे. १०० अंशांची ही रेघ माणसाने सोयीसाठी आखलेली आहे. त्या तापमानाला क्षारांच्या बाबतीत काही विशेष घडते असे मुळीच नाही.

डोके आणि शेपूट

साबणाचा रेणू कसा असतो ते आपण शाळेत शिकवतो. एका टोकाला प्रभारित डोके, त्याला पाण्याची ओढ. त्याला जोडलेली कार्बन व हायड्रोजनची लांब शेपटी, ती पाण्यापासून दूर राहू पाहते. आमच्या त्या द्रवातील धन आयन नेमका असाच आहे. दोन नायट्रोजन व तीन कार्बन अणूंचे पंचकोनी इमिडाझोलियम कडे हे त्याचे डोके. त्यावर धनप्रभार पसरलेला असतो. कड्याच्या एका बाजूला लहानसा मिथिल गट आणि दुसऱ्या बाजूला दहा कार्बन अणूंची शेपटी. साबणात डोके ऋणप्रभारित असते, येथे ते धनप्रभारित आहे, एवढाच फरक.

शेपटीला आपण जलद्वेष्टी म्हणतो. हा शब्द सोयीचा आहे, पण थोडा फसवाही आहे. शेपटी आणि पाणी यांच्यात दुरावा निर्माण करणारे काही प्रतिकर्षण नसते. खरी गोष्ट अशी, की पाण्याचे रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. मध्ये शेपटी आली की तिच्याभोवतीच्या पाण्याच्या रेणूंना ठरावीक पद्धतीनेच उभे राहावे लागते, त्यांचे स्वातंत्र्य कमी होते. अनेक शेपट्या एकत्र जमल्या की हे बांधलेले पाणी मोकळे होते. शेपट्यांना एकत्र आणते ती प्रामुख्याने पाण्याची ही मोकळीक.

पाण्यात साबणाचे रेणू थोडे असतील तर ते सुटे फिरतात आणि पृष्ठभागावर गर्दी करतात. प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की ते पुंजके करू लागतात. शेपट्या आत, डोकी बाहेर. या पुंजक्याला मायसेल म्हणतात. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल येथे काम करणाऱ्या मॅकबेन यांनी १९१३ च्या सुमारास साबणाच्या द्रावणाच्या विद्युतवहनावरून अशा पुंजक्यांची कल्पना मांडली. ज्या संहतीला मायसेल बनू लागतात तिला क्रांतिक मायसेल संहती म्हणतात.

आता शेपटीची लांबी बदलून पाहू. आपल्या इमिडाझोलियम गटाच्या क्लोराइड क्षारांची पाण्यातील क्रांतिक मायसेल संहती, एका लिटरमध्ये किती मिलिमोल या मापात, साधारण अशी आहे :

शेपटीत ८ कार्बन : सुमारे २००
शेपटीत १० कार्बन : सुमारे ५०
शेपटीत १२ कार्बन : सुमारे १४
शेपटीत १४ कार्बन : सुमारे ३ ते ४
शेपटीत १६ कार्बन : सुमारे १

हे आकडे विद्यार्थ्यांपुढे ठेवावेत आणि त्यांतील नियम त्यांनाच शोधू द्यावा. शेपटीत दोन कार्बन वाढले की संहती अंदाजे चौथ्या हिश्श्यावर येते. म्हणजे एक कार्बन वाढला की निम्मी. शेपटीतील कार्बनची संख्या आडव्या अक्षावर आणि संहतीचा लॉगॅरिथम उभ्या अक्षावर घेतला तर जवळजवळ सरळ रेषा येते. शेपटीतला प्रत्येक जादा कार्बन पुंजका बनण्याच्या बाजूने सारखेच वजन टाकतो, असा त्याचा अर्थ.

कोन, चतकोर आणि विटा

पुंजका गोलच का असावा? तो नेहमी गोल नसतो. इस्राएलाश्विली, मिचेल आणि निनहॅम या तिघांनी १९७६ मध्ये याचा फार सोपा हिशेब मांडला. रेणूचा आकार कसा आहे, यावर पुंजक्याचा आकार ठरतो.

भेळवाल्याचे कागदी कोन आठवा. पुष्कळसे कोन टोके आत करून एकमेकांना चिकटवले तर गोल तयार होतो. आता भाकरीचे चतकोर घ्या. चार चतकोर टोके आत करून मांडले की पूर्ण भाकरी होते, आणि भाकऱ्यांची चवड रचली की दंडगोल. विटा मात्र शेजारी शेजारी लावल्या तर सपाट भिंतच होते. ज्या रेणूचे डोके रुंद आणि शेपटी बारीक तो कोनासारखा, त्याचे गोल मायसेल बनतात. डोके थोडे अरुंद झाले की तो चतकोरासारखा, त्याचे लांब दंडगोल बनतात. डोके आणि शेपटी सारख्याच रुंदीची असली की विटेसारखे सपाट थर बनतात.

वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना हे आकड्यांतही करता येईल. बारा कार्बनची शेपटी पूर्ण ताणली तर सुमारे १.६७ नॅनोमीटर लांब असते आणि तिचे घनफळ सुमारे ०.३५ घन नॅनोमीटर भरते. गोलाच्या मध्यापर्यंत शेपट्या पोहोचायला हव्यात, मध्ये पोकळी राहून चालणार नाही. म्हणून गोलाची त्रिज्या १.६७ नॅनोमीटरपेक्षा मोठी असू शकत नाही. अशा गोलाचे घनफळ सुमारे १९.५ घन नॅनोमीटर. त्याला ०.३५ ने भागले की एका मायसेलमध्ये जास्तीत जास्त ५५-५६ रेणू मावतात असे निघते. गोलाचे पृष्ठफळ एवढ्या डोक्यांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ०.६३ चौरस नॅनोमीटर येते. दंडगोलासाठी हाच हिशेब केला तर ०.४२ आणि सपाट थरासाठी ०.२१ येते. म्हणजे डोक्यांना जितकी कमी जागा पुरेल, तितका पुंजका गोलाकडून दंडगोलाकडे आणि दंडगोलाकडून थराकडे सरकेल.

वर्गात करण्याजोगा प्रयोग

हे सारे कागदावर राहू नये म्हणून एक सोपा प्रयोग सुचवतो. भांडी घासण्याचा पारदर्शक द्रव साबण किंवा साधा शॅम्पू घ्या. त्यात निम्मे पाणी मिसळून तो पातळ करा. आता चिमूट चिमूट मीठ घालून हलक्या हाताने ढवळत जा, म्हणजे फेस होणार नाही. दर चिमटीनंतर चमचा वर उचलून धार कशी पडते ते पाहा. बहुतेक वेळा मिश्रण दाट होत जाते, कधी कधी तर चमचा उभा राहील की काय असे वाटावे इतके. त्यानंतरही मीठ घालत राहिले तर ते पुन्हा पातळ होते. काही शॅम्पूंत कारखान्यातच पुरेसे मीठ घातलेले असते. अशांत आणखी मीठ पडले की ते सरळ पातळच होतात. म्हणून दोन-तीन प्रकारचे साबण घेऊन प्रयोग करावा.

मिठाने असे काय केले? साबणाची प्रभारित डोकी एकमेकांना दूर लोटत असतात, म्हणून त्यांना जास्त जागा लागते. मिठाचे आयन त्यांच्यामध्ये आले की हे प्रतिकर्षण मंदावते. डोक्यांना कमी जागा पुरते, कोनाचा चतकोर होतो. गोल मायसेलच्या जागी लांबच लांब धागे तयार होतात आणि ते शेवयांसारखे एकमेकांत गुंततात. म्हणून दाटपणा येतो. मीठ आणखी वाढले की धाग्यांना फांद्या फुटून ते एकमेकांना जोडले जातात. जोड घसरू शकतात, त्यामुळे गुंता सैल होतो आणि द्रव पुन्हा वाहू लागतो.

साबणाचे प्रमाण फार वाढवले तर याच्याही पुढची पायरी येते. दंडगोल इतके दाटीने जमतात की ते एकमेकांना समांतर उभे राहून मधाच्या पोळ्यासारखी षट्कोनी रचना करतात. त्याहूनही कमी पाणी असेल तर सपाट थर एकावर एक रचले जातात. आतला प्रत्येक रेणू द्रवातल्यासारखा हलत असतो, पण एकूण मांडणी मात्र स्फटिकासारखी शिस्तीची असते. म्हणून या अवस्थांना द्रवस्फटिक म्हणतात. साबण उकळणाऱ्या कारागिरांना यातील एक गोष्ट शास्त्रज्ञांच्या आधीच ठाऊक होती. कढईतला साबण फार घट्ट वाटला म्हणून त्यात पाणी वाढवावे, तर कधी कधी तो आणखीच घट्ट होऊन बसे. पाणी वाढल्याने थर मोडून षट्कोनी मांडणी आलेली असे. थर एकमेकांवरून सहज सरकतात, दंडगोलांची मोळी मात्र सरकत नाही. आमच्या चंबूतल्या जेलीचे गूढ या कढईच्या बरेच जवळचे आहे.

पाण्यावाचून साबण

येथपर्यंत आपण साबण पाण्यात घालत होतो. आता पाणी पूर्ण बाजूला ठेवू. १९८२ मध्ये अमेरिकेतील इव्हान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाल्डेन यांच्या इथिलअमोनियम नायट्रेटमध्ये साबणासारखे पदार्थ विरघळवले आणि त्यातही मायसेल बनतात असे दाखवले. पाण्यापेक्षा बरीच जास्त संहती त्यासाठी लागते, पण मायसेल बनतात. पाण्याचा एकही थेंब नसताना! इथिलअमोनियम नायट्रेटचे आयनही पाण्याप्रमाणे हायड्रोजन बंधांचे जाळे विणतात, हे त्यामागचे कारण. शेपट्यांना एकत्र आणणारा परिणाम ही पाण्याची एकट्याची मिरासदारी नाही, हे त्यातून कळले.

मग पुढचा प्रश्न सहजच येतो. आयनिक द्रवाच्या स्वतःच्याच आयनाला लांब शेपटी असेल तर? तेथे साबण वेगळा आणि द्रावक वेगळा अशी वाटणीच उरत नाही. साबण हाच द्रव आणि द्रव हाच साबण.

बेलफास्ट येथील होलब्री आणि सेडन यांनी १९९९ मध्ये इमिडाझोलियम टेट्राफ्लुओरोबोरेट क्षारांची एक अख्खी मालिका तपासली. त्यांनी शेपटी लहान लहान पायऱ्यांनी अठरा कार्बनपर्यंत वाढवत नेली. शेपटी २ ते १० कार्बनची असताना खोलीच्या तापमानाला साधे आयनिक द्रव मिळाले. आरंभी शेपटी वाढली की आयन अधिक बेढब होतो आणि स्फटिक बनणे अवघड होते. पण बारा कार्बनपासून चित्र पालटले. लांब शेपट्या एकमेकींना चिकटून ओळीने बसू लागल्या आणि पदार्थ पुन्हा घनरूप झाले. हे घन तापवल्यावर मात्र एकदम साधा द्रव मिळाला नाही. आधी थरांचा द्रवस्फटिक आला आणि बऱ्याच वरच्या तापमानाला थर मोडून स्वच्छ द्रव झाला. अठरा कार्बनच्या क्षारात ही मधली अवस्था सुमारे १५० अंशांच्या पल्ल्यात टिकून राहिली.

असे का होते ते डोके आणि शेपटी यांच्या स्वभावातून कळते. डोक्यांना व ऋण आयनांना बांधणारे विद्युत आकर्षण बळकट असते, शेपट्यांमधील आकर्षण दुबळे. तापमान वाढले की शेपट्या आधी वितळतात, पण डोक्यांचे थर जागेवरच राहतात. म्हणजे एकाच पदार्थाचा एक भाग वितळलेला आणि दुसरा न वितळलेला! त्याचा द्रवणांक किती, असे विचारले तर कोणता आकडा सांगायचा?

हे पाहायचे साधन साधे आहे. दोन पोलरॉइड पट्ट्या एकमेकींवर काटकोनात ठेवल्या की प्रकाश अडतो आणि काळोख दिसतो. मध्ये साधा द्रव ठेवला तरी काळोखच राहतो. पण थरांचा द्रवस्फटिक ठेवला तर सूक्ष्मदर्शकाखाली पंख्यांसारख्या उजळ आकृत्या दिसतात. तापवत गेल्यावर एका ठरावीक क्षणी त्या विझतात. आमच्याकडे नवा विद्यार्थी आला की हा क्षण त्याला आवर्जून दाखवतो.

आता शेपटी लहान असलेल्या, पोलरॉइडखाली काळोखच दाखवणाऱ्या द्रवांचे काय? त्यांच्यात सारे एकसारखे मिसळलेले असते का? २००५-०६ च्या सुमारास संगणकावर या आयनांच्या हालचालींचे अनुकरण केले गेले. त्यात दिसले, की शेपटी चारएक कार्बनची झाली की शेपट्या एकमेकींजवळ जमून छोटी बेटे करू लागतात आणि प्रभारित डोक्यांचे सलग जाळे त्यांच्याभोवती पसरते. शेपटी वाढली की बेटे एकमेकांना मिळतात. २००७ मध्ये क्ष-किरणांच्या प्रयोगांतूनही एक-दोन नॅनोमीटर अंतरावर पुन्हा पुन्हा येणाऱ्या रचनेच्या खुणा मिळाल्या. शेपटी जितकी लांब तितके हे अंतर मोठे. डोळ्यांना पाण्यासारखा एकजीव दिसणारा द्रव आतून मात्र दोन वस्त्यांचा निघाला.

थोड्या पाण्याची करामत

आता पुन्हा चंबूकडे वळू. दहा कार्बनचा ब्रोमाइड क्षार कोरडा असताना द्रव असतो. अमेरिकेतील आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या फायरस्टोन व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवले, की त्यात वजनाने सुमारे ५ ते ४० टक्के पाणी मिसळले की त्याची जेली होते. आमच्या विद्यार्थिनीने नकळत तोच प्रयोग केला होता.

कोरड्या द्रवात ब्रोमाइड आयन इमिडाझोलियमच्या कड्यांना बिलगून असतात. डोक्यांची आणि शेपट्यांची वस्ती वेगळी असली, तरी तिच्यात शिस्त नसते. पाणी आले की ते थेट डोक्यांच्या वस्तीत जाते. शेपट्यांकडे त्याला जागा नाही. पाण्याचे रेणू ब्रोमाइडला वेढतात आणि डोकी, ब्रोमाइड व पाणी यांचे हायड्रोजन बंधांचे जाळे विणले जाते. आता दोन वस्त्यांमधील सीमा ठळक होते. डोक्यांचा भाग फुगतो, शेपट्यांचा तेवढाच राहतो. रेणूंना रचून बसण्याखेरीज मार्ग नसतो. पाणी किती, यावर थर की षट्कोनी मोळी हे ठरते, आणि रचलेली मांडणी सहज वाहत नाही. म्हणजे पाण्याने द्रव पातळ करण्याऐवजी त्याला शिस्त लावली. पाणी आणखी वाढवत गेले की मोळी सुटते, सुटे मायसेल राहतात आणि जेली विरघळून जाते. चंबू शेवटी साफ होतोच, फक्त पाणी भरपूर लागते!

ऋण आयन बदलला तरी चित्र बदलते. ब्रोमाइड पाण्यात रमतो, म्हणून हे सारे घडते. त्याऐवजी हेक्झाफ्लुओरोफॉस्फेटसारखा पाण्याशी फारसे सख्य नसलेला आयन घेतला, तर पाणी आत शिरण्याऐवजी वेगळा थर करून बसते. शेपटीची लांबी, ऋण आयनाची निवड, पाण्याचे प्रमाण आणि तापमान असे चार खटके हाती आहेत. हवी ती रचना मिळवण्यासाठी कोणता खटका किती फिरवायचा, हेच या विषयातील रोजचे काम आहे.

उपयोग आणि उपद्रव

या रचनांचे करायचे काय? एक उपयोग साच्याचा. षट्कोनी मांडणीच्या भोवती सिलिका घडवली आणि मग आतला पदार्थ जाळून टाकला, तर नॅनोमीटर रुंदीच्या सारख्या नळ्या असलेली सिलिका मिळते. १९९२ मध्ये ही पद्धत नेहमीच्या धनप्रभारित साबणांनी यशस्वी झाली, पुढे सोळा कार्बनच्या इमिडाझोलियम क्षारांनीही असे साचे घडवता आले. दुसरा उपयोग विद्युतवहनाचा. थरांच्या मांडणीत आयन थराच्या दिशेने सहज धावतात, थर ओलांडून जाणे त्यांना अवघड जाते. विजेला दिशा देणारे असे पदार्थ विद्युतघटांसाठी तपासले जातात.

आयनिक द्रवांची जवळजवळ वाफ होत नाही. पेट्रोल किंवा ईथरप्रमाणे ते हवेत जात नाहीत, सहज पेट घेत नाहीत. म्हणून नव्वदीच्या दशकाच्या अखेरीपासून त्यांना हरित द्रावक म्हणण्याची पद्धत पडली. या विशेषणाबाबत आम्हांला सावध राहावेसे वाटते. हवेत जात नाही तो पदार्थ कोठे जाईल? पाण्यात. आणि पाण्यात तो काय करील, याचे उत्तर आपण वर पाहिलेल्या हिशेबातच दडलेले आहे.

सजीवांच्या पेशीचे पटल म्हणजे तरी काय? डोके आणि दोन शेपट्या असलेल्या मेदरेणूंचे सपाट थर. विटांची भिंत. त्या भिंतीत कोनाच्या आकाराचा उपरा रेणू शेपटी खुपसून शिरला की भिंत खिळखिळी होते. इमिडाझोलियम क्षारांची शेपटी वाढत जाते तशी जिवाणू, शैवाल आणि जलचरांना होणारी त्यांची बाधाही वाढत जाते, असे अनेक चाचण्यांत दिसून आले आहे. ज्या शेपटीमुळे मायसेल सहज बनतात, तीच शेपटी पेशीच्या पटलातही सहज घुसते. गुण आणि उपद्रव ही एकाच कारणाची दोन रूपे आहेत.

ही गोष्ट माणसाने फार पूर्वीपासून कामाला लावली आहे. १९३५ साली गेर्हार्ड डोमाक यांनी पुढे आणलेले बेंझाल्कोनियम क्लोराइड हे जंतुनाशक याच धर्तीचे, धनप्रभारित डोक्याचे आणि लांब शेपटीचे. चूळ भरण्याच्या काही औषधांत सेटिलपिरिडिनियम क्लोराइड असते. तेही तसेच, आणि ते १०० अंशांच्या खालीच वितळते. आपल्या व्याख्येप्रमाणे त्यालाही आयनिक द्रवांच्या पंगतीत बसवावे लागेल! जंतू मारण्यासाठी जे चिमूटभर वापरतो, ते द्रावक म्हणून पिंपांनी वापरून नदीत सोडले तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

यावर उपाय शोधले जात आहेत. शेपटीत एस्टर बंध घातला तर जिवाणू तो तोडू शकतात आणि रेणूचे विघटन अधिक सहज होते. पण त्यासाठी पदार्थ बनवतानाच त्याच्या शेवटाचा विचार करावा लागतो. पदार्थ तयार झाल्यावर त्याला हरित असे नाव देऊन भागत नाही.

वर्गात काय सांगावे?

आपण मुलांना पदार्थाच्या तीन अवस्था शिकवतो. स्थायू, द्रव, वायू. ते चुकीचे नाही. सुरुवात तेथूनच करायला हवी. पण त्याबरोबर एखादे मूल विचारील, की जेली कोणत्या खान्यात घालायची? शॅम्पूचे काय? तेव्हा त्याला गप्प करू नये. ज्या पदार्थाचा एक भाग वितळला आहे आणि दुसरा नाही, असे पदार्थ खरोखर असतात आणि त्यांच्यावर आज काम चालू आहे, हे त्याला सांगावे. क्षार म्हटले की कठीण स्फटिक आणि द्रव म्हटले की अस्ताव्यस्त गर्दी, हे दोन्ही आपण मनात धरलेले ठोकताळे आहेत. डोके आणि शेपटी यांची एवढीशी ओढाताण ते ठोकताळे मोडायला पुरते.

आमच्या प्रयोगशाळेपुरते सांगायचे, तर त्या दिवसापासून एक बदल झाला. जेलीने चंबूत ठाण मांडले नसते, तर तो द्रव बेसिनमधून गटारात आणि तेथून नाल्यात गेला असता, आणि आमच्यापैकी कोणाच्या मनात काही आलेही नसते. आता विसळलेले सारे पाणी झाकणाच्या कॅनमध्ये जमा होते. कॅनवर त्या विद्यार्थिनीनेच चिठ्ठी चिकटवली आहे. तिच्यावर क्षाराचे नाव आहे, आणि त्याखाली शेपटीतील कार्बनची संख्या ठळक अक्षरांत लिहिलेली आहे.